मोहाचं वजन

३ फेब्रुवारी, सोमवार

— आणि सावली पडते म्हणून झाड कापायचं? मग योहानदादाने घराचं छप्परही काढावं, सावली त्याचीही पडते. हे फोनवर सुचलं नाही. फोन ठेवल्यावर सुचलं. माझं नेहमी असंच.

बांधावरचा मोह. व्यापारी सहा हजार देतो म्हणे. सतरा तारखेला बघायला येणार. मी नको म्हटलं तर दादा म्हणतो, "पावल्या, तू घरी राहतोस किती? वीटभट्टी सोडली, सुरतची मिल सोडली, ऊसतोड अर्ध्यात टाकून आलास. तुला झाडाचं काय?"

खरं आहे ते. म्हणून राग जास्त.

फुलं आई वेचते. तिला दादाने विचारलं नाही. तसं मीही नाही विचारलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काठी गावाच्या जंगलात तिसरा आठवडा. कुठे आमचं नवापूर, कुठे हे. पण काम आवडतंय. लिहून ठेवतो, कारण असं क्वचित होतं.

जंगल मोजायला आलेल्या रूपाली मॅडमचं लेझरचं मशीन आहे. तीन पायांच्या स्टँडवर बसवायचं, बॅटरी मी वाहायची, आणि बटण दाबलं की सगळ्यांनी खडकामागे लपायचं. मशीन गरगर फिरतं, उजेड सोडतं. तो झाडावर आपटून परत आला की झाड किती लांब ते त्याला कळतं. असे लाखो ठिपके. मग लॅपटॉपवर अख्खं रान ठिपक्यांचं उभं राहतं! सागाची पानं गळलीत, त्यामुळे खोडं साफ दिसतात. परवा मी मध्येच बाहेर आलो, तर माझं लांबच्या लांब भूत निघालं. मॅडम म्हणाल्या, "पौलस, हे कुठल्या जातीचं झाड?"

ठिपक्यांवरून खोड किती जाड, उंची किती, लाकूड किती हे काढतात. म्हणजे झाड न तोडता वजन. वाहरूकाका इथलेच, वाट दाखवायला असतात. ते म्हणाले, "मग माझ्या बैलाचं पण करून द्या. अक्कलकुव्याच्या बाजारात फसवतात."

दहा हजार जमले की जुनी मोटरसायकल घेणार. मग कुठेही जाता येईल. थोडेच राहिलेत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

घोळ झाला. मशीन खरं सांगतं का ते बघायला त्याच झाडांचा वेढा आम्ही टेपने घेतो, छातीच्या उंचीला. अर्धी झाडं मी, अर्धी वाहरूकाका. मशीनशी जुळत नाही. माझी बारीक येतात, काकांची जाड.

मॅडमने दोनदा विचारलं, "टेप ढिला धरता का?"

काका म्हणाले, "माझी झाडं खाऊनपिऊन आहेत." मॅडम हसल्या नाहीत.

नंतर फोनवर कुणाला तरी सांगत होत्या — जुळलं नाही तर आतापर्यंत मोजलेल्या बाराही जागांचं काम वाया, दुसरी माणसं घ्यावी लागतील. मला ऐकू आलं. आधीचा मी असतो तर सकाळच्या गाडीने गेलो असतो. का कोण जाणे, थांबलो.

८ फेब्रुवारी, शनिवार

आजही नाही जुळलं.

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. टेकडावर गेलं की फोन लागतो. लिडियावहिनी शिवणकाम करते, तिच्याकडे टेप असतो. तिला म्हटलं, मोहाचा वेढा घे, मॅडमकडून वजन काढून घेतो. केवढं झाड कापायला निघालाय ते दादाला कळू दे.

"कुठे धरू टेप?"

"छातीला."

"कुणाच्या छातीला, भाऊजी? माझ्या की ह्यांच्या? मी तर ह्यांच्या कोपराला लागते."

मी स्वतःकडे पाहिलं. मी सहा फूट. वाहरूकाका माझ्या खांद्याच्याही खाली. खोड खाली जाड, वर बारीक. आम्ही दोघांनी आपापली छाती धरून जंगल मोजलं!

१० फेब्रुवारी, सोमवार

मॅडमला सांगितलं. त्यांनी वही मिटली.

"एकशे सदतीस सेंटीमीटर. पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. पण नंतर रोज तुम्ही छातीच म्हणायच्या."

"हो," म्हणाल्या. "म्हणायचे खरी." मग कपाळाला हात लावून हसल्या.

बांबूच्या बरोबर तेवढ्या दोन काठ्या कापल्या. वाहरूकाका म्हणाले, "काठीत जन्म गेला आणि काठी सुचली नाही." आता बाराही जागा परत. बांबू चढाच्या बाजूने बुडाशी टेकवायचा, त्याच्या टोकाशी वेढा. दुसरी माणसं नकोत म्हणाल्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जुळलं. माझी, काकांची, मशीनची — सगळी झाडं एका मापाला.

वहिनीलाही सांगितलं होतं, जमिनीपासून चोपन्न इंचावर, म्हणजे तेवढ्याच उंचीवर, धर. टेप पुरला नाही, दोरा गुंडाळून तो मोजला. दोनशे साठ सेंटीमीटर. मॅडमने गणित केलं. "अंदाज आहे हं फक्त. चार टनांच्या वर, मुळं सोडून."

लगेच टेकडावर जाऊन दादाला फोन केला. "चार टन?" म्हणाला. मग गप्पच झाला. योहानदादा गप्प! वाटलं, जिंकलो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दादाने व्यापाऱ्याला चार टन सांगितले. सहाचे नऊ झाले.

"पावल्या," म्हणाला, "पहिल्यांदा तुझं शिकणं घराच्या कामाला आलं." खरंच खूश होता. चिडवत नव्हता.

वाहरूकाकांना सांगितलं तर हसून खालीच बसले. "माझ्या बैलाचं राहू दे, बाबा."

संध्याकाळी आईला फोनवर बोलावलं. तिला विचारलं, काय करायचं मोहाचं?

"फुलं पडायला महिना आहे," म्हणाली. एवढंच.

१६ फेब्रुवारी, रविवार

दादाला कळवलं — झाड मी घेतलं, उभंच. उद्या व्यापाऱ्याला चहा पाजून परत पाठव. मोटरसायकल राहू दे. आत्ताच पाठवतोय — नऊ हजार रुपये.