आबांची बंदूक आणि झुलालनानांची टाकी

पाचोरा, २० ऑक्टोबर २०२४

ती. किरणदादास,
सुलक्षणाचा शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी आबांनी रानडुक्कर मारल्याचे लिहिले होते. ते चूक आहे. आबांनी सांगितले आणि मी न पाहता लिहिले. ती शेजारच्या झुलालनानांची काळी पाण्याची टाकी होती. दुसऱ्या दिवशी नाना ती भोकासकट आपल्या दारात घेऊन आले. गोळी लागली तेव्हा ते टाकीमागेच पाय धूत होते. पाणी एकदम दोन्हीकडून यायला लागले, म्हणाले.

मोतीबिंदूचे नाव काढले की आबा म्हणतात, डोळा ठीक आहे, टाकीच डुकरासारखी दिसते.

निवडणुकीमुळे बंदूक सध्या पोलीस ठाण्यात जमा आहे. परवाना आता माझ्या नावावर करायचा असे आबांच्या मनात आहे. घरात कॉलेज शिकलेली मीच, साहेबासमोर नीट बोलेन म्हणतात. पण नाव माझे आणि घोडा ओढणारे आबा. पुढच्या वेळी टाकी आडवी आली नाही तर? फोन ते स्पीकरवर टाकून ऐकतात, म्हणून हे पत्र.

वहिनींना नमस्कार. रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
सुलक्षणा

धुळे, २७ ऑक्टोबर २०२४

चि. सुलक्षणा हिस अनेक आशीर्वाद.

गॅरेजमध्ये गाड्या तुंबल्यात, भाऊबीजेला येणे जमत नाही. ओवाळणी पोचती करतो.

परवाना घे. डुकरे एका फेरीत केळी उखडून टाकतात. नुकसानीचा पंचनामा होईपर्यंत उरलेली केळी पिकून जातील. नेम चुकला तरी आवाज होतोच ना? आणि दसऱ्याला गंध कशाला लावायचे, तुझ्या पदवीला? पालीलाही 'जरा सरका' म्हणणारी तू, तुझ्या नावावर बंदूक बघून डुकरेही हसत परत जातील.

थट्टा सोड. बंदूक गेली तर आबा खचतील. तेवढे बघ.

आबांना दंडवत. चिडलीस तरी पत्र लिही.

तुझा दादा,
किरण

पाचोरा, २८ नोव्हेंबर २०२४

ती. किरणदादास,
सा. न. वि. वि.

महिनाभर आबा रात्री शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बंदुकीशिवाय बसताहेत. गावाला कळू नये म्हणून बंदुकीच्या खोळीत ठिबकचा पाइप घातलाय. आणि दादा, डुक्कर एकदाही फिरकले नाही.

कारण मी शोधले. बंदूक असताना आबा श्वास धरून बसायचे, डुक्कर टप्प्यात यावे म्हणून. आता भीती वाटते, म्हणून अंधार पडला की मोठ्याने भजने म्हणतात. (मोठ्याने आणि बेसूर. अर्धेच लिहिणे बरे नाही.) झुलालनानांच्या शेतातलीही डुकरे गेली. झोपही गेली, असे नाना म्हणतात.

हे सगळे आबांना सांगितले. मग त्यांनी दसऱ्याचे विचारले. खोळीचीच पूजा करू, मी म्हटले. त्यावर त्यांनी हळूच विचारले, "मंग पाइपले लायसन लागस का?"

लागत नाही. मी तरी ठाण्यात विचारून आले. हवालदार अजून हसतोय.

आबांनी बंदूक सोडून देण्याच्या अर्जावर सही केली. डोळेही तपासून घेतो म्हणाले, गाताना श्रोते दिसायला हवेत.

असाच चिडवत राहा, त्याने धीर येतो.

तुझी,
सुलक्षणा

ता. क. बंदूक आणि परवाना कायमचे सरकारजमा करायला आबांना घेऊन मी ठाण्यात जाणार आहे, सोमवारी, २ डिसेंबरला.