दादाचा घरघऱ्या

४ मार्च
आधी माफी. शुद्धलेखन नववीत शाळेबरोबरच सुटलं आणि टाइप एका बोटाने करते, त्यामुळे वेळ लागतो. माफी कुणाची मागतेय माहीत नाही. हे कुणी वाचणार नाहीये.

सिंकखालचा ग्राइंडर नुसता गुरगुरतो, फिरत नाही. दादा हॉटेलच्या किचनमध्ये कामाला होता, तिथला जुना आणून त्यानेच बसवलेला. खरकटं टाकायचं, बटण दाबायचं, लगदा होऊन पाइपातून जातं. बाबा त्याला घरघऱ्या म्हणतात. बाबांशी भांडून दादा घर सोडून गेला, तेव्हापासून देखभाल माझ्याकडे. काळजी नाही. दादाला बघून बघून मला सगळं येतं.

४ मार्च, संध्याकाळ
सेफ्टीसाठी प्लग काढला. मग खालचं लाल बटण दाबलं. काही नाही. बराच वेळ काही नाही. मग प्लग लावला.
शेवटी खालच्या भोकात मशीनची चावी घालून फिरवली, आतून बाटलीचं झाकण निघालं. सुरू. दादाला मेसेज टाकला, घरघऱ्या दुरुस्त केला. एकच टिक.

६ मार्च
मशीन एकदम ओके. फक्त पाणी खाली जात नाही. म्हणजे दोष पाण्याचा.
बाबा म्हणाले, प्लंबर बोलावतो, हे धूड काढून साधा पाइप टाकू. मी म्हटलं, दादा आल्यावर विचारेल. बाबा पेपर वाचत राहिले. पेपर कालचा होता. मग म्हणाले, रविवारपर्यंत काय ते कर, इंजिनियरबाई.
रविवार म्हणजे भरपूर वेळ.

७ मार्च
व्हिडिओत सांगितलं, बर्फ टाका, आतून साफ होतो. टाकला. असा आवाज झाला की वरच्या काकूंनी येऊन बेल वाजवली. मी दार उघडलं नाही. त्यांचं मांजर हरवलंय, तेच विचारायला आल्या असतील. मला माणसांशी बोलणं जमत नाही.
भात नेहमीसारखा, छोट्या वाटीने तीन वाट्या तांदळाचा. माणशी एक. दादाचा भाग नंतर घरघऱ्यात. फ्रिजमध्ये ठेवला की बाबा विचारतात, कुणाची वाट बघतेयस. कुणाची नाही. अंदाज चुकतो इतकंच. रोज तेवढाच चुकतो, म्हणजे हात बसलाय.

९ मार्च
निर्धार: प्लंबरकाकांना मीच फोन करून नको म्हणायचं. वाक्य लिहून काढलं. नमस्कार, आमचं दुरुस्त झालंय, येऊ नका. फोन लागला. ते हॅलो म्हणाले. मी कट केला. निरोप पोचला असावा.

दुपारी सिंक भरून पाणी ओट्यावर, तिथून खाली. बाबा मोज्यांसकट त्यात उभे राहिले. आत जाऊन मोजे बदलले आणि येऊन परत तिथेच उभे.
दादाला मेसेज: येताना मोठा पाना आण. एकच टिक.

१० मार्च
प्लंबरकाका आले. निरोप पोचला नव्हता. मी दाराआड. त्यांनी बाबांना विचारलं, काल फोन करून कट तुम्ही केलात का. बाबा हो म्हणाले.

पाइप उघडला आणि बादलीत भात पडला. पडतच राहिला. काका म्हणाले, मशीनला काही झालेलं नाही, भात फुगून पाइपात बसलाय. मग बादलीकडे बघत म्हणाले, "घरात माणसं किती?"
बाबा म्हणाले, "तीन."
"तिसरं जेवत नाही वाटतं."
बाबा मोज्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, काढा ते. साधा पाइप टाका.

घरघऱ्या बाबांनीच पुसला, पेपरात गुंडाळला, दादाच्या कपाटात ठेवला. म्हणजे माझंच बरोबर होतं, मशीन चांगलं होतं, प्लंबर स्वतः म्हणाले. मेसेजमध्ये तसं लिहिलं. पाठवला नाही.

पाणी आता सरळ जातं. आवाज नाही.

रात्री दोनच वाट्या तांदूळ टाकला. अंदाज बरोबर आला. काहीच उरलं नाही.

वरच्या काकूंचं मांजर परत आलं. जाड झालंय. कुठेतरी जेवत होतं.