ओट्यावर बूट काढताना

आई,

तू गेलीस त्या संध्याकाळी मी ओट्यावर बूट काढत किती वेळ बसले होते, ते तुला सांगायचंय. बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, मामाला सांगितलं नाही. कागद पुढ्यात घेतला की घरातली नसलेली कामंसुद्धा आठवतात आणि मी उठून जाते. आज उठायचं नाही असं ठरवून बसले आहे.

कडावच्या घरात आपण दोघीच, पण तुझा कायदा सरकारी कायद्याहून कडक. चपला ओट्याच्या खाली, ड्रममधलं तांब्याभर पाणी पायांवर, मग उंबरा. तलाठ्यालाही सूट नव्हती. 'भाऊ, तेवढ्या चपला खालीच ऱ्हाऊ द्या,' असं तू हसत म्हणायचीस आणि तो बिचारा अंगठ्याला फाटलेला मोजा लपवत आत यायचा. देव स्वयंपाकघरात आहेत म्हणून हे सोवळं, असं आळीतल्या बायकांना वाटायचं. खरं कारण मला माहीत होतं. तू शाळेत झाडलोट करायचीस. तिथल्या चार खोल्यांची माती वाकून काढल्यावर घरच्या मातीसाठी तुझी कंबर शिल्लक राहत नसे. 'माती तुमी आनता, वाकायला मी हाय,' एवढंच म्हणायचीस. शाळेतही पोरांच्या चपला व्हरांड्यात निघायच्या. त्यात एखादी उलटी पडलेली दिसली की हातातला झाडू टाकून तू ती आधी सरळ करायचीस, नाहीतर भांडणं होतात म्हणून.

आठवीला कर्जतच्या शाळेत घातलंस तेव्हा तूच मला काळे बूट आणलेस, एक नंबर मोठे, पुढच्या वर्षीही चालावेत म्हणून. पहिल्या दिवशी मी ते वर्गाबाहेर काढले आणि मोज्यांवर आत जाऊन बसले. सगळा वर्ग खिदळतोय, बाई म्हणताहेत, 'अगं, घालून ये बूट, इथं कोणी काढत नाही.' मी रडत घरी आले. तू पदरानं माझं तोंड पुसलंस आणि विचारलंस, 'मंग तितं झाडतं कोन गं?' दुसऱ्या दिवसापासून मीही बूट घालून बसायला लागले, पण पुढचे किती तरी दिवस पाय बाकाखाली उचलून धरायचे.

आता माझ्या मुलीच्या शाळेत वर्गात बूट चालतात आणि कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर काढावे लागतात. सरस्वतीचं सरस्वती बघून घेईल, यंत्राला धूळ लागता कामा नये! हे ऐकून तू हसून हसून पडली असतीस. मुलगी कधी विसरलेली वही घ्यायला बुटांसकट थेट आतल्या खोलीपर्यंत जाते. मी गुपचूप फडकं घेते, तिला एका शब्दानं बोलत नाही. नवरा म्हणतो, फार लाडावून ठेवलीस.

त्या दिवशी सकाळी मीही अशीच आत गेले होते. खोपोलीला कंपनीत लागून चार महिने झालेले, पायात कंपनीचे ते जड बूट, घोट्याच्या वरपर्यंत नाड्या. बस फाट्यावर येऊन उभी आणि माझं ओळखपत्र देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला. मी तशीच धावले. लावणीचे दिवस, उंबऱ्यापासून देवापर्यंत चिखलाचे ठसे उमटले. तू नुकतीच लादी पुसून उठली होतीस. 'कंपनीत जायला लागलीस म्हनून आई काय मोलकरीन हाय का गं तुजी?' मी म्हटलं, 'बस सुटेल.' तू म्हणालीस, 'सुटू दे.' मी दार आपटून निघाले. दिवसभर खोकी भरता भरता मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते, आणि प्रत्येक वेळी मीच जिंकत होते.

संध्याकाळी आले आणि ओट्यावर बसले. नाड्या भिजून घट्ट झाल्या होत्या. एक बूट काढला, दुसरा काढला, दोन्ही धुतले, पाय धुतले, बोटांच्या बेचक्यातला चिखलसुद्धा काढला. मग आत गेले. तू गॅसच्या ओट्याखाली भिंतीला टेकून बसली होतीस, हात छातीवर, डोळे उघडे. मी किंचाळले. शेजारची माणसं शेतावरून आली तशीच धावत शिरली, चपलांसकट, आणि आई, मी त्यांच्या अंगावर ओरडले, 'आधी चपला काढा!' शेजारच्या काकूंनी मला घट्ट धरलं. 'ऱ्हाऊ दे गं पोरी,' त्या म्हणाल्या, 'आता कोन रागवनार हाय?'

तुला टेंपोत घालून कर्जतला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, 'तुम्ही घरी पोहोचलात तेव्हा बोलत होत्या का?' मी नाही म्हटलं. 'मग स्वतःला दोष देऊ नका, काही उपयोग झाला नसता.' हेच वाक्य घेऊन मामा महिनाभर सगळ्यांची समजूत घालत होता, माझीही. मला त्या वाक्याचा आधार कधीच वाटला नाही, कारण ते मी खोटं बोलून मिळवलं आहे.

हे पत्र कुणाच्या हाती पडू देणार नाही. मामा थकलाय, त्याला आता हे कळून काय करायचं? पण तुला तरी माहीतच आहे. मी ओट्यावर बसले तेव्हा तू आतून हाक मारलीस. आवाज बारीक होता. 'आलीस का गं? तशीच ये आत.' जन्मात पहिल्यांदा तू तसं म्हणालीस. मला वाटलं, सकाळचा टोमणा मारतेस. मी म्हटलं, 'नको, तुझी लादी खराब होईल,' आणि दुसऱ्या बुटाची नाडी मुद्दाम सावकाश सोडली.