पितळी कळशीतली रेड वाईन

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. माणूस मोठा होणार असला की नोंदी पाहिजेत.
कागलच्या हायवेला गुरुपादअण्णांचं नवीन हॉटेल होतंय. वाईन आणि जेवण यांची जोडी लावून देणारा जाणकार त्यांना हवाय. मी नाशिकला दोन दिवसांचा कोर्स केलाय. सर्टिफिकेट लॅमिनेट केलंय. विषय संपला.
नाही संपला. बायकोचा भाऊ ऋतुराज पुण्याहून आलाय. त्यालाही हेच काम पाहिजे. ग्लास पाच-पाच मिनिटं हुंगतो. आमची म्हैस पेंडसुद्धा एवढा वेळ हुंगत नव्हती.
आक्का म्हणाली, वाईन-बिईन मरू दे, हॉटेलच्या भांड्यांची ऑर्डर आण आधी, आबांच्या माघारी एवढी मोठी आली न्हाई. आक्का म्हणजे थोरली बहीण, आबा म्हणजे आमचे वडील. मंगळवार पेठेतल्या आमच्या भांड्यांच्या दुकानाची गादी तिच्याकडं. तीन पिढ्या पातेली विकली, पण घराण्याची नजर पातेल्याच्या बुडाच्या पलीकडं गेली नाही.

५ फेब्रुवारी
अण्णांचा फोन. रविवारी संध्याकाळी दोघांनी आमच्याच माडीवर चव दाखवायची. वाईन एकच, ड्राय रेड ब्लेंड. सोबतचा पदार्थ ज्याचा त्याचा. भांड्यांचं पण तिथंच बघू म्हणाले. मी शिताफीनं विषय बदलला.
अण्णा शाकाहारी, म्हणून माझा पदार्थ खर्डा-भाकरी. ऋतुराजनं आपणहून फोन केला. म्हणाला, दाजी, तुरट वाईनवर खर्डा नको, तोंड पेटतंय. मी म्हणालो, कोल्हापुरात तिखटाला भिणाऱ्यानं पुण्यालाच राहावं. फोन ठेवला.
ठराव: काम मिळालं की त्याला ग्लास पुसायला ठेवायचं.

८ फेब्रुवारी
रेड वाईनला हवा लागू द्यावी लागते. ऋतुराजनं त्यासाठी काचेची सुरई आणलीय. काच! मी माळ्यावरनं आज्जाची पितळी कळशी काढली. चिंच लावून बाहेरनं लखलखीत केली. आत अंधार होता, बघितलं नाही.
आक्का म्हणाली, तिची आतली कल्हई कवाच गेलीया, आंबट घातलंस तर कळकंल, पोटाला बाधंल, त्यात ताकसुद्धा घालत न्हाईत. मी म्हणालो, वाईन म्हणजे ताक नव्हे. ती म्हणाली, कर काय करायचं ते, पर भांड्याच्या दुकानात बसून असलं करू नगंस.
हिला वाईनमधलं काय कळतंय?

९ फेब्रुवारी, सकाळी १०
ओतली. तीन बाटल्या. कोर्समध्ये अर्धा तास सांगितला होता. मी नऊ तास देतोय. अठरा पट खुलणार. साधं गणित आहे.

दुपारी ३
वास दमदार. संयोगिता म्हणाली, नाणं चोखल्यासारखा येतोय. बायको असून भावाच्या बाजूनं बोलते. तिला सांगितलं, यालाच मिनरल म्हणतात.

१० फेब्रुवारी, सकाळी
कालचा कार्यक्रम एकंदरीत यशस्वी.
आधी ऋतुराज. वांग्याचं भरीत. अण्णा म्हणाले, बरं लागतंय. बरं! नुसतं बरं!
मग मी. जाणकार वाईन गिळत नाहीत, म्हणून दुकानातली पिकदाणीही मांडली होती. अण्णांनी एक घोट घेतला आणि थुंकले. संयोगिता थुंकली. ऋतुराज दोनदा थुंकला. कुणालाही शिकवावं लागलं नाही. तोंडाची चव जावी म्हणून अण्णांनी खर्डा खाल्ला. डोळ्यांतनं पाणी. तांब्याभर पाणी प्याले.
मग त्यांनी कळशी उचलून दिव्याखाली धरली. आत हिरवं. विचारलं, ह्याला कल्हई हाय का? मी म्हणालो, अण्णा, ते मिनरल. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. जिना उतरताना आक्काला म्हणाले, तुमच्या आबांनी कल्हई गेलेलं भांडं कधी गिऱ्हाइकाच्या हातात दिलं न्हवतं. आक्का मान खाली घालून उभी होती.
विश्वास दाखवायला मी अख्खा ग्लास प्यालो होतो. त्यानंतर सहा उलट्या. ऋतुराजच्या भरतामुळं.

१२ फेब्रुवारी
काम ऋतुराजला. वशिला! भांडीसुद्धा अण्णा दुसरीकडं बघणार म्हणे. मी आक्काला म्हणालो, सध्या मार्केटच डाऊन आहे. ती म्हणाली, भांडं हातात आलं की आधी आत बघायचं, हे आबांनी तुला चड्डीत असताना शिकवलंतं, इसरलास व्हय?
विसरलो नाही. फक्त इथं लिहायचं नव्हतं.

१४ फेब्रुवारी
आक्का सकाळच्या एस.टी.नं एकटीच कागलला गेली. मला सांगितलं नाही. गादीवर मी बसलो. दोन गिऱ्हाइकं आली. दोघांनी विचारलं, आक्का न्हाईत व्हय, आणि निघून गेली.

१७ फेब्रुवारी, सोमवार
ऑर्डर मिळाली. अण्णांची अट एकच. प्रत्येक भांडं आक्कानं बघून द्यायचं, मी नाही.
दुपारी कल्हईवाला आला. आक्कानं पहिल्यांदा तीच कळशी पुढं केली आणि भाता मला ओढायला लावला. सगळी पेठ बघत होती. कळशी आतनं पांढरीशुभ्र झाली.
ऋतुराजला हॉटेलातल्या पहिल्या कार्यक्रमात बर्फ ठेवायला हीच कळशी पाहिजे. आक्कानं एका शब्दात हो म्हटलं. पोचवायला मी.
निघताना म्हणाली, अण्णांना आधी आत बघू दे, मग तोंड उघड.