वर्देचे नाव तिसऱ्या रविवारी

मी, नझीरा, अस्साफ यांची मुलगी व कै. नोहरा यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार ऐन अल-लौझ, लेबनॉन, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही. उलट माझा धाकटा भाऊ तनूस हे लिहू नकोस म्हणून रविवारपासून भुणभुण करतो आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच तर ते खोटे समजावे.

कलम एक. राहते घर व त्यातील सामान माझी मुलगी ग्लादिस, राहणार मॉन्ट्रियल, हिला द्यावे. ती इथे परतणार नाही हे मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. होती, पण ती फोनवर बोलून झाली आहे.

कलम दोन. शिलाई मशीन आणि कापडाची मोठी कात्री रोझीनला, कारण तिला मी शिवण शिकवले. त्या कात्रीने तिने कागद कापू नये. तांब्याचे पातेले शेजारच्या उम्म जर्जिसकडे आहे. ते माझे आहे. ती ते आपले म्हणते. तिच्याकडेच राहू द्यावे. मात्र माझ्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाचे जेवण त्यातच शिजवावे, म्हणजे निदान त्या दिवशी तरी तिला ते घेऊन माझ्या दारात यावे लागेल.

कलम तीन. चर्चच्या खालच्या उतारावरची माझ्या मालकीची ऑलिव्हची झाडे मी चर्चला देत आहे. अट एकच. उपवासकाळाआधी आपण मृतांसाठी तीन रविवार पाळतो: पहिला धर्मगुरूंचा, दुसरा संतसज्जनांचा, तिसरा तुमच्याआमच्यासारख्या साध्या मेलेल्यांचा. त्या तिसऱ्या रविवारी माझी थोरली बहीण वर्दे हिचे नाव दरवर्षी मोठ्याने वाचावे आणि तिच्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण करावी.

या अटीमुळे गाव नाराज होईल, म्हणून कारण लिहिते.

आमची आई तनूसच्या बाळंतपणात गेली. वर्दे तेव्हा तेरा वर्षांची होती. तिने आम्हा दोघांना वाढवले, लग्न केले नाही, दिवसभर शिवण शिवले. ती चांगली होती. ती संत नव्हती. तिचा हात लवकर उठे, चप्पल त्याहून लवकर. अंजिराच्या एका फांदीवरून तिने उम्म जर्जिसच्या घराशी बोलणे टाकले ते शेवटपर्यंत. शेवटच्या आजारात मी सूप भरवत असताना तिने माझे मनगट धरले. म्हणाली, "नझीरा, मी गेले की लोक म्हणतील, सुटली बिचारी. तू नको म्हणूस. देवाकडे माझ्यासाठी मागत राहा. मला बरंच काही फेडायचंय."

मी हो म्हटले.

तिच्या चाळिसाव्याला कोणीतरी तापाने फणफणलेल्या बाळावर तिचा रुमाल घातला आणि बाळाचा ताप उतरला. झाले. त्या दिवसापासून गावात तिच्यासाठी कोणी मागत नाही, सगळे तिच्याकडे मागतात. नोकरी, मूल, व्हिसा. तनूसने तिच्या खोलीत फोटोपुढे दिवा लावला. तो त्याने कधी विझू दिलेला नाही. वर्षश्राद्धाच्या मिस्सेची त्याने आभाराची मिस्सा करून टाकली.

मृतांकडे मागण्याला माझा विरोध नाही. माझा नवरा नोहरा याच्याकडे मी रोज मागते, बहुतेक वेळा चष्मा. पण त्याच्यासाठी रोज जपमाळही ओढते. आमची देवाणघेवाण तो होता तेव्हासारखीच चालू आहे. वर्देकडून मात्र सगळे नुसते घेतात. ती जर अजून शुद्धिस्थानात, म्हणजे स्वर्गाआधी पापे फेडायच्या जागी असेल, आणि मला वाटते ती असेल, तर सगळ्या गावाची कामे डोक्यावर घेऊन बसली आहे आणि तिला पुढे जाता यावे म्हणून एक शब्दही कोणी बोलत नाही. या विचाराने मला रडू येते.

गेल्या, म्हणजे दुसऱ्या रविवारी, तनूसने तिचा फोटो पुन्हा चर्चमध्ये संतसज्जनांच्या तसबिरींत नेऊन ठेवला. चर्चबाहेर मी त्याला म्हटले, "पुढच्या रविवारी तिचं नाव मेलेल्यांत वाचायला सांग."

"ताई, मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवणारेस का? जिनं पोरं बरी केली ती अजून शुद्धिस्थानात शिजतेय, असं सांगू?"

"शिजत नसेल. ताटकळत असेल. आणि ताटकळायचा तिला किती राग यायचा ते तुला माहितीये."

"आणि ती स्वर्गात असली तर? अपमान नाही का तिचा?"

आमचे धर्मगुरू अबूना इल्यास दार लावत होते. ते म्हणाले, "तनूस, प्रार्थना वाया जात नाही. तिला नको असेल तर देव दुसऱ्या कोणाला देईल. तिथे गरजवंत कमी नाहीत."

तनूस पाठ फिरवून निघून गेला. त्याच्यावर माझा राग आहे, तो इथे नोंदवते.

यादीत "संत", "पुण्यशील" असले काही लावू नये. वर्दे, अस्साफची मुलगी, एवढेच. एखाद्या वर्षी नाव गाळले तर झाडे उम्म जर्जिसच्या घरी जावीत. मग वर्दे काय ते बघून घेईल.

कलम चार. मला नोहराशेजारी पुरावे. माझा रुमाल कोणालाही देऊ नये. माझ्याकडे काही मागायचे असेल तर आधी माझ्यासाठी मागावे.

ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीची सही करू नये, असे वकील सांगतात. तनूसला मी काहीही देत नाही, म्हणून त्याची सही चालेल. वरील सर्व मजकूर दोघा साक्षीदारांना वाचून दाखवून त्यांच्यादेखत सही करत आहे.

नझीरा अस्साफ
ऐन अल-लौझ, बुधवार, ३१ जानेवारी २०१८

साक्षीदार: नखले, निवृत्त शिक्षक. मजकूर ऐकला. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार: तनूस अस्साफ, किराणा दुकानदार. मीही ऐकला. कलम तीन मला मान्य नाही, कारण त्यासाठी ताई मरेपर्यंत थांबावे लागते. नखले सरांच्या फोनवरून आत्ताच अबूनांशी बोललो. येत्या रविवारी नाव वाचतील. ती शुद्धिस्थानात अडकली असेल ही भीती मलाही होती, बोललो नाही. ताईने सांगितलेले नाव मी जरा बदलले आहे, त्याबद्दल तिने रागावू नये. अबूनांना असे लिहून घ्यायला सांगितले: वर्दे, तनूसची आई.