लग्नपत्रिकेतलं ‘डॉ.’

सिविल लाइंस, जबलपूर
१९ जानेवारी २०२५

चि. मेघना,
अनेक आशीर्वाद.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. मराठी तू सावकाश वाचतेस, त्यामुळे अक्षर मोठं काढलं आहे.

इथे सगळं ठीक. थंडी जाम आहे. अमेय रविवारी सदर बाजारातून खव्याची जिलबी घेऊन आला होता, एकट्याला ती दोन दिवस पुरली. आईच्या तुळशीला पाणी घालून घालून मी ती जवळजवळ मारलीच होती. आता सावरते आहे.

आईला जाऊन महिना झाला. तेराव्याला तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. बरोबरच होतं. पण तुझ्या रागाचं कारण तुला अर्धंच माहीत आहे.

अमेयच्या लग्नपत्रिकेत बहीण म्हणून दिलेल्या तुझ्या नावाआधी मी ‘डॉ.’ छापलं. तू पत्रिका हातात घेऊन विचारलंस, “बाबा, डायलिसिस टेक्निशियन लिहायला जागा नव्हती का?” मी म्हणालो, छापखान्याची चूक. चूक नव्हती, प्रूफ मी स्वतः दोनदा तपासलं होतं. पस्तीस वर्षं कॉलेजात शिकवलं, आणि माझ्याच मुलीने बारावीनंतर दोन वर्षांचा डिप्लोमा केला, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

मग आईच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा सेंटर, चार-चार तास. शेजारच्या खाटेवर शालिग्राम सर, माझ्याच कॉलेजातले. पत्रिका त्यांच्याकडेही गेली होती. ‘डॉक्टर लेक दिसली नाही’ असं ते कधी विचारतील, याची मला धास्ती. त्यांनी विचारलं नाही, याचं बरं वाटायचं.

सुयांनी आईचा हात काळानिळा पडला होता. दुसऱ्याच आठवड्यात ती म्हणाली, “मेघनाला काहून नाही बोलवत? ती रोज हेच करून राहिली नं नागपुरात. एक सुई तरी तिच्या हातून लागू द्या मला.”

मी म्हणालो, “तिला सुटी नाही मिळून राहिली. फोनवर विषय काढू नको, पोरीला वाईट वाटेल.”

आणि तू “येऊ का?” म्हणून विचारलंस, तेव्हा तुला सांगितलं की आईलाच तू तिथे नको आहेस, लेकीने त्या अवस्थेत पाहिलेलं तिला चालणार नाही. तिच्याजवळ बोलू नको, असं तुलाही बजावलं.

मेघना, ते खोटं होतं. आईला तू हवी होतीस. शेवटच्या आठवड्यात तिने विचारणं सोडलं, एवढंच.

परवा तिची शाल आणायला सेंटरवर गेलो. दीपा, आईला सुया लावायची ती टेक्निशियन, म्हणाली, “सर, मेघना दीदी कैसी हैं? आंटी तो रोज बताती थीं, मेरी बेटी नागपुर में यही मशीन चलाती है।”

शालिग्राम सर शेजारीच होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. तेच म्हणाले, “आम्हा सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे हो. वहिनी फार कौतुकाने सांगायच्या. तुम्हाला अवघडल्यासारखं होईल म्हणून मी विषय काढला नाही.”

मी शाल घेऊन पायरीवर बसलो. ज्या माणसापासून लपवायचं म्हणून तुला येऊ दिलं नाही, त्याला सगळं ठाऊक होतं. आईचं ब्लड प्रेशर पडायला लागलं की दीपा ते आधी ओळखायची, डॉक्टर मागून यायचे. हे मी चार महिने डोळ्यांनी पाहत होतो, आणि तरी तुला बोलावलं नाही.

माफी मागत नाही. आईने आपल्याला जवळ येऊ दिलं नाही, हे मनात धरून तू बसली असशील, म्हणून लिहिलं. राग माझ्यावर ठेव, तिच्यावर ठेवू नकोस.

शाल याच पार्सलात आहे. धुतलेली नाही. पार्सलवर तुझं नाव लिहिलं आहे, मेघना गुणवंत देवतळे, डायलिसिस टेक्निशियन. आई होती तेव्हाच हे लिहायला हवं होतं, तिला वाचता आलं असतं.

तिचा निरोप चार महिने दाबून ठेवणारा,
तुझा बाबा