चतुराबाई नवरा झाली

अमरावती
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

प्रिय गीताताई,

मागच्या पत्रातली एक गोष्ट चुकीची आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की चतुराबाईने नवऱ्याला सांगायचं वाक्य माझ्यासमोर तीनदा, न अडखळता म्हणून दाखवलं, आणि त्या संध्याकाळी मी खूश होऊन बसच्या खिडकीशी बसून घरी आले. खिडकी खरी आहे. बाकीचं नाही. चतुराबाईने ते वाक्य एकदाही म्हटलं नाही. (चतुराबाई हे तिचं खरं नावही नाही, पण ते मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. नाव सांगायची मला परवानगी नाही.)

तू म्हणशील, एवढ्यासाठी दोन महिन्यांनी पत्र? पण तुला आठवतं ना, धामणगावच्या घरी बाबा आपल्याला शाळेत घालायच्या आधी वही घेऊन शिकवायला बसायचे? खोडरबर घरात आणूच दिलं नाही त्यांनी. मी थुंकी लावून बोटाने अक्षर पुसलं की म्हणायचे, ‘पुसू नको पोरी. रेघ मार अन् वर बरोबर लिही. कुठं चुकली ते मले दिसू दे.’ तू हसत हसत रेघा मारायचीस. मला रात्रभर ती रेघ डोळ्यांसमोर दिसायची. अजून दिसते.

माझं काम तुला ठाऊक आहे, तरी नीट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तालुक्याच्या दवाखान्यात शेवटच्या खोलीत मी बसते. बाहेर समुपदेशन आणि चाचणी केंद्र अशी पाटी आहे, आणि त्या पाटीखाली कुणीच थांबत नाही. बायका आधी औषधाच्या रांगेत उभ्या राहतात आणि इकडेतिकडे बघून पटकन आत येतात. एका बाईला माझ्याकडे पंधरा-वीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात तिला एचआयव्हीचा धोका कुठून आहे ते समजून घ्यायचं, निरोध कसा वापरायचा ते दाखवायचं आणि तिला या आठवड्यात करता येईल अशी एकच गोष्ट तिच्याच तोंडून ठरवून घ्यायची. मग सराव. मी नवरा होते आणि ती मला ते वाक्य म्हणून दाखवते. घरी जाऊन पहिल्यांदाच बोलायची वेळ आली तर जीभ उचलत नाही. खोलीत एकदा बोललेलं असलं की उचलते. हे मला शिकवलं गेलं, आणि ते खरंही आहे. मी पाहिलंय.

चतुराबाई आठवडी बाजारात भाजी विकते. नवरा बोअर मारायच्या गाडीवर, सहा-सहा महिने बाहेर. तिचं रक्त तपासलं, ठीक आलं. तो महिनाअखेर येणार होता. आम्ही वाक्य ठरवलं: ‘तुमी आले, बरं वाटलं. पण पहिले दोघं जाऊन रक्त तपासू, तोवर हे वापरा.’ मी म्हटलं, आता मी तुमचा नवरा. ती माझ्याकडे बघून एवढी हसली की धर्मेंद्रने, म्हणजे आमच्या रक्त तपासणाऱ्याने, दारावर टकटक केली. मग ती म्हणाली, ‘तुमी कायच्या नवरा होता म्याडम? तुमचा आवाज चिमणीचा. मी होतो नवरा. तुमी बाई व्हा.’

आणि ती झाली. पदर कमरेला खोचला, खुर्ची मागे सरकवली, पायावर पाय टाकला. ‘काय वं, चहा नाही का?’ मी वाक्य सुरू केलं. ‘तुम्ही आलात, बरं वाटलं’ एवढं आलं. पुढचं आलं नाही. तिने डोळे बारीक केले. ‘पण काय? बोल ना. कोनं शिकवलं तुले? मी का तिकडं झक मारून राहिलो का?’ ताई, मी दिवसाला आठ-दहा बायकांकडून ते वाक्य म्हणून घेते. मला ते उलटंही पाठ असेल. पण त्या खुर्चीवर बसून माझ्या तोंडातून ते निघेना. ती थोडा वेळ नवराच राहिली, मग हळूच पाय खाली घेतला, पदर सोडला आणि विचारलं, ‘म्याडम, तुमचेबी बाहेर रायतात का?’

आमच्यावर स्वतःबद्दल न बोलण्याचं बंधन आहे, आणि ते बरोबरच आहे. पण मी त्या बंधनामागे लपले. म्हटलं, वेळ संपली, बाहेर बाया थांबल्यात. बाहेर कुणी नव्हतं. ती गेल्यावर फॉर्मवर ‘सराव करून घेतला’ या रकान्यात मी ‘होय’ लिहिलं. गेल्या सोमवारी ते पान काढून ‘होय’वर रेघ मारली, वर ‘नाही’ लिहिलं आणि सही केली. वरिष्ठांनाही सांगितलं. ते म्हणाले, एवढं काय त्यात. मला वाटतं त्यांनी रागवायला हवं होतं.

या कामात एकटेपण असेल हे कुणी सांगितलं नव्हतं. ज्या बाईने खोलीत मला सगळं सांगितलं, ती बाहेर भेटली तर मी तिला ओळख द्यायची नाही. तिने दिली तरच द्यायची. नाहीतर शेजारची विचारते, तू इले कशी ओळखतं? म्हणून मी बाजारातून, बसस्टँडवरून खाली बघत चालते. अर्ध्या तालुक्याची दुःखं मला माहीत आहेत आणि ‘काय, बरं आहे का?’ म्हणायला एकही माणूस नाही. अमरावतीच्या खोलीवर आले की घरमालकीण विचारते, जेवण झालं का? दिवसभरात मला विचारलेला तेवढाच एक प्रश्न असतो. मी रोज ‘हो’ म्हणते.

मागच्या बाजाराच्या दिवशी अशीच खाली बघत चतुराबाईच्या दुकानावरून पुढे गेले, तर मागून मोठ्याने हाक. ‘ओ म्याडम! बोलल्या का तुमी?’ माझे पायच थांबले. बाजूची वांगेवाली म्हणाली, ‘कायचं वं?’ तर ही तोंड वर करून सांगते, ‘म्याडमले भाव करता येत नाही. त्यायले शिकवून राहिली मी.’ मग कोथिंबिरीची जुडी माझ्या पिशवीत कोंबताना हळू आवाजात म्हणाली, ‘मी तं बोलली. दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी आला दवाखान्यात संगं. तुमी सुट्टीवर होत्या.’ मी पैसे पुढे केले, तिने घेतले नाहीत. सराव न करता बोलली ती. किंवा तिचा सराव झाला होता. त्या दिवशी नवरा होऊन तिने त्याचे सगळे प्रश्न आधीच ऐकून घेतले होते. सराव माझाच राहिला.

आता दुसरी चूक. त्याच पत्राच्या शेवटी मी लिहिलं होतं, ‘सुगत ऑगस्टमध्ये आठ दिवस राहून गेला, आम्ही मजेत आहोत.’ आठ दिवस खरे आहेत. तिसऱ्या दिवशी त्याचे कपडे धुवायला काढताना बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात एक रिकामा खोका सापडला. करडा. सरकारी दवाखान्यात लैंगिक आजारांच्या औषधांचे असे रंगीत खोके असतात, कुठला रंग कशासाठी ते मला झोपेतही सांगता येईल. हे सोलरचं काम करायला राजस्थानात जाणाऱ्या, घरी आल्यावर माझ्यासाठी भेंडी निवडत बसणाऱ्या माणसाच्या बॅगेत होतं. आणि असा आजार असला की दोन खोके देतात, एक त्याला आणि एक बायकोला. तिथे एकच होता. म्हणजे त्याने दुसरा टाकून दिला, किंवा लग्न झालेलं नाही असं सांगितलं. यातलं कुठलं खरं असावं असं मला वाटतं, हेच मला ठरवता येत नाही. मी खोका होता तिथे परत ठेवला. कपडे धुतले. उरलेले पाच दिवस मी त्याची बायको होते, आणि ते वाक्य एकदाही म्हटलं नाही. त्या आजाराच्या वाटेने एचआयव्हीही येतो, हे मी भिंतीवरच्या चित्रावर बोट ठेवून रोज सांगते.

दुसऱ्या कुणी बाईने हे मला सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, आज तपासा, औषध आजच घ्या, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. स्वतःला मात्र म्हणाले, तीन महिने होऊ दे, मग एकदाच पक्कं कळेल. ही सावधगिरी नव्हती, भीती होती. आमच्या केंद्रात तपासायचं तर रक्त धर्मेंद्र काढणार. तो चांगला मुलगा आहे, कुणाला बोलणार नाही. पण समुपदेशक म्हणून सही कोण करणार? मीच. माझ्यासमोर खुर्चीवर कोण बसणार? तिथेही मीच.

म्हणून हे पत्र, आणि म्हणून ते तुझ्या घरी नाही, शाळेच्या पत्त्यावर. सुगत गेला त्याला येत्या रविवारी तीन महिने होतात. सोमवारी, चोवीस तारखेला, मी सकाळच्या गाडीने अकोल्याला येते. तू अर्धी रजा टाक. तिथल्या सरकारी दवाखान्यात मला कुणी ओळखत नाही. तू आत येऊ नकोस, फक्त बाहेर बाकावर बस, म्हणजे दार उघडल्यावर कुणीतरी विचारणारं असेल. अहवाल काहीही आला तरी मग आपण जठारपेठेत तुझ्या घरी जाऊ. भाऊजी कामावर असतील. तू सुगत हो. पायावर पाय टाक, ‘चहा नाही का?’ म्हण, ‘माझ्यावर भरोसा नाही का तुले?’ म्हण. तो हेच म्हणेल. मला रडू आलं तरी थांबू नकोस, मी ते वाक्य शेवटपर्यंत म्हणेपर्यंत सुगतच राहा. तो शुक्रवारी सकाळी येतोय. त्याला चहा आधी देईन. कप खाली ठेवला की बोलेन. शुक्रवार, अठ्ठावीस नोव्हेंबर.

तुझीच,
अजूनही रेघ मारणारी
पिंकी